एकच जंतू, दोन रिपोर्ट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कुठे चुकले तर सांगा. आईंना लघवीचा संसर्ग झाला. चार दिवसांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या लॅबमध्ये कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, केलंत आणि दोन्हीकडे ई. कोलाय हा जंतू निघाला. पहिल्या लॅबने सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकसमोर 'सेन्सिटिव्ह', म्हणजे औषध चालेल, असं लिहिलं आणि कंसात २१ मिमी. दुसरीने त्याच औषधासमोर 'रेझिस्टंट', म्हणजे चालणार नाही, असं लिहिलं, एमआयसी १ (हे आकडे कशाचे ते पुढे सांगते). तुम्ही विचारताय की यातली कोणती लॅब खोटं बोलते, आणि एवढ्या साध्या गोष्टीत दोन टोकं निघत असतील तर या तपासणीवर विश्वास ठेवायचा किती.

उपचार काय करायचे ते आईंना तपासणारे डॉक्टर ठरवतील, त्यात मी पडत नाही. पण गेली बावीस वर्षं मी लॅबमध्ये रोज सकाळी या तपासणीच्या प्लेट्स वाचत आलेय, त्यामुळे रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगू शकते. आणि तुम्ही आकडे लिहिलेत हे फार बरं केलंत. ते नसते तर मी फक्त अंदाज बांधत बसले असते. ते आकडे बघून मला वाटतं की दोन्ही लॅबनी मोजमाप जवळपास बरोबरच केलंय. भानगड दुसरीकडेच आहे.

'रिपोर्ट बरोबर आहे का' या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. माप बरोबर घेतलं का? त्या मापावर सेन्सिटिव्ह-रेझिस्टंटची रेघ बरोबर जागी मारली का? आणि ते उत्तर या रोग्याच्या या आजाराला लागू आहे का? लोक भांडतात ते पहिल्यावरून. घोळ बहुतेक वेळा दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात असतो.

तरी मापापासूनच सुरुवात करू. पहिल्या लॅबने केली ती डिस्कची पद्धत. १९६६ साली ती नीट बांधून लिहिली गेली आणि अजून जगभर चालते, कारण स्वस्त आहे आणि डोळ्यांना दिसते. जंतूचं पाणी एका ठरलेल्या गढूळपणाचं करायचं, म्हणजे दर मिलीलिटरमध्ये साधारण दहा-वीस कोटी जंतू. ते पंधरा मिनिटांच्या आत म्युलर-हिंटन अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या, प्लेटवर तीन दिशांनी फासायचं. त्यावर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि प्लेट ३५ अंशांना सोळा ते अठरा तास ठेवायची. सकाळी चकतीभोवती जंतू न उगवलेलं गोल मैदान दिसतं. त्याचा व्यास म्हणजे झोन, आणि तुमचे २१ मिमी म्हणजे तोच.

ऐकायला सोपं आहे. आता आत काय काय हलतं ते बघा. अगारची जाडी ४ मिमी हवी. पातळ झाली तर औषध आडवं जास्त पसरतं, झोन मोठा येतो आणि रेझिस्टंट जंतू सेन्सिटिव्ह दिसू लागतो. जंतूचं पाणी जास्त गढूळ झालं तर उलट, झोन आक्रसतो. चकत्यांची डबी फ्रीजमधून काढून थंड असतानाच उघडली तर आत दव धरतं आणि काही औषधं हळूहळू मरतात. इमिपेनेम आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड यांत विशेष नाजूक. प्लेट दुपारी उशिरा लावली आणि सकाळी घाईत वाचली तर वाढ पुरी झालेली नसते.

आमच्याच लॅबमधली एक सकाळ सांगते. रोजच्या रुग्णांच्या प्लेट्सबरोबर आम्ही एक ओळखीचा जंतू लावतो. ई. कोलायचा हा स्ट्रेन जगभरच्या लॅबमध्ये एटीसीसी २५९२२ या नावाने असतो आणि कुठल्या औषधाला त्याचा झोन किती यायला हवा ते छापलेलं असतं. जेंटामायसिनला १९ ते २६ मिमी. त्या दिवशी आला २८. फक्त दोन मिमी जास्त, कुणी म्हणेल चालतंय की. टेक्निशियनने प्लेट कापून अगारची जाडी मोजली तर एका कडेला जेमतेम अडीच मिमी. आदल्या दिवशी अगार संपत आलं होतं, म्हणून शेवटच्या खेपेच्या प्लेट्समध्ये थोडं थोडं कमी ओतलं होतं, आणि तेही टेबल किंचित उतरतं असताना. त्या खेपेवरचे सगळे रिपोर्ट थांबवले आणि परत लावले. वॉर्डातून दिवसभर फोन येत होते, 'एक दिवस उशीर का?' खरं सांगू, लॅब चांगली की वाईट हे मला यंत्रांवरून कळत नाही. असा रिपोर्ट अडवून धरायची तिची तयारी आहे का, त्यावरून कळतं.

पण त्या १९ ते २६ कडे परत एकदा बघा. तोच जंतू, तेच औषध, सगळं शिस्तीत केलेलं, तरी निकाल या पट्ट्यात कुठेही आला तरी तो मान्य असतो. म्हणजे झोन हा सोनाराच्या काट्यावरचा आकडा नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्याचाही त्यात वाटा असतो. प्लेट काळ्या पृष्ठभागावर धरून, वरून पडणाऱ्या उजेडात, झाकण न काढता मागच्या बाजूने मोजतो आम्ही. कड स्वच्छ असली तर दोन माणसांत एका मिलिमीटरचा फरक. कड धुरकट असली, किंवा आत टाचणीच्या टोकाएवढ्या दोन-तीन कॉलनी, म्हणजे उगवलेल्या जंतूंचे ठिपके, असल्या, की वाद सुरू. त्या कॉलनी म्हणजे कुठून तरी पडलेला दुसरा जंतू, की याच जंतूतली औषधाला न जुमानणारी पिलावळ? नवशिका माणूस त्यांच्याकडे काणाडोळा करतो. मी त्या उचलून पुन्हा लावायला लावते, कारण कित्येकदा आजाराचं उत्तर त्या तीन ठिपक्यांतच असतं.

दुसऱ्या लॅबची एमआयसी म्हणजे जंतूची दिसणारी वाढ थांबवायला औषधाचं कमीत कमी किती प्रमाण लागतं ते, मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटरमध्ये. बारीक खड्ड्यांच्या ओळीत औषध दुपटीने चढवत नेतात: ०.२५, ०.५, १, २, ४. वाढ जिथे थांबते तो आकडा. दशांश चिन्ह बघून माणसाला हे फार अचूक वाटतं, पण यातही एक पायरी वर किंवा खाली होणं सर्वमान्य आहे. आज १ आलेला जंतू उद्या ०.५ किंवा २ आला तर त्याला आम्ही चूक म्हणत नाही.

आता तुमच्या रिपोर्टची खरी गाठ. मापावरून सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट हे ठरवण्यासाठी लॅब एक तक्ता वापरते, ब्रेकपॉइंटचा, म्हणजे ती रेघ कुठे मारायची ते सांगणारा. अमेरिकेत तो सीएलएसआय ही संस्था काढते, युरोपात युकास्ट. इतर देशांतल्या बहुतेक लॅब यांतला एक घेतात. हे तक्ते दर वर्षी निघतात आणि अधूनमधून त्यांतल्या रेघा सरकतात. सीएलएसआयने २०१९ मध्ये ई. कोलायच्या कुळासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची रेघ सरकवली. आधी झोन २१ किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह, १५ किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट. नंतर २६ किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह, २१ किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट. एमआयसीतही तसंच. आधी १ पर्यंत सेन्सिटिव्ह होतं, आता ०.२५ पर्यंतच, आणि १ पासून पुढे रेझिस्टंट.

तुमचे आकडे यात टाकून बघा. २१ मिमी जुन्या तक्त्यात सेन्सिटिव्ह, नव्यात रेझिस्टंट. एमआयसी १ जुन्या तक्त्यात सेन्सिटिव्ह, नव्यात रेझिस्टंट. दोन्ही लॅबनी बहुधा एकच जंतू पाहिला आणि एकच गोष्ट मोजली. फक्त पहिलीच्या भिंतीवर जुना तक्ता टांगलेला आहे. योगायोग असा की तुमचा आकडा नेमका दोन्ही रेघांच्या सांध्यावर पडला. त्यातही झोन २२ वाचला गेला असता तर नव्या तक्त्याने 'इंटरमीडिएट', म्हणजे अधलामधला, म्हटलं असतं, आणि एका मिलिमीटरचा फरक डोळ्याचाच असतो हे वर लिहिलंच आहे.

मग रेघ का सरकवली? जुनी रेघ ओढली तेव्हा हाताशी होते मुख्यतः प्रयोगशाळेतले आकडे. पुढे औषध रक्तात किती चढतं, किती वेळ टिकतं, कुठल्या एमआयसीच्या जंतूपुढे ते तोकडं पडतं, याची माहिती जमत गेली. शिवाय या औषधाला कधी तोंड न दिलेल्या साध्या ई. कोलायची एमआयसी ०.०६ च्या वर सहसा जात नाही. एमआयसी १ म्हणजे त्याच्या सोळा पट. असा जंतू बदलून बसलेलाच असतो. त्याच्या जनुकांत पहिली-दुसरी पायरी चढून झालेली असते. जुना तक्ता त्याला सेन्सिटिव्ह म्हणत होता, म्हणून तक्ता बदलला. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुरता मी दुसरा रिपोर्ट धरीन.

हे सगळं एका गृहीतकावर उभं आहे, ते म्हणजे दोन्ही नमुन्यांत एकच जंतू होता. मधल्या चार दिवसांत आईंना कुठलं अँटिबायोटिक सुरू झालं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झालं असेल तर साधे जंतू मेले आणि मागे राहिलेला चिवट तेवढा दुसऱ्या नमुन्यात आला, असंही होऊ शकतं. नमुना कसा घेतला हाही मुद्दा आहे. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी घेतली का, आणि लॅबमध्ये दोन तासांत पोचली की दुपारभर टेबलावर राहिली? बाहेर राहिलेल्या लघवीत जंतू वाढत जातात आणि बाहेरचेही मिसळतात. मिसळलेल्या दोन जंतूंवर केलेली सेन्सिटिव्हिटी कुणाचीच नसते.

आता 'विश्वास किती' याकडे येते. जंतू रेझिस्टंट असताना त्याला सेन्सिटिव्ह म्हणणं ही आमच्याकडे सगळ्यांत मोठी चूक, कारण रोग्याला निकामी औषध जातं. सेन्सिटिव्ह असताना रेझिस्टंट म्हणणं त्याच्या खालची, कारण तिथे विनाकारण जड औषध जातं. नवं यंत्र किंवा पद्धत स्वीकारताना ती संदर्भ पद्धतीशी, म्हणजे प्रमाण मानलेल्या पद्धतीशी, निदान ९० टक्के जुळावी आणि या दोन्ही चुका साधारण ३ टक्क्यांच्या आत असाव्यात, अशी अपेक्षा असते. मात्र टक्केवारी ऐकली की ती कशाची, हे आधी विचारा. समजा शंभर जंतू तपासले आणि त्यांत पाचच खरे रेझिस्टंट होते. यंत्राने त्यांतले दोन हुकवले आणि बाकी सगळे बरोबर सांगितले. विक्रेता म्हणेल ९८ टक्के अचूक. मी म्हणेन, ज्यासाठी यंत्र घेतलं त्या पाचांतले दोन सुटले, म्हणजे ४० टक्के चूक. दोघांचंही गणित बरोबर आहे.

शिवाय सगळ्या औषधांना एकच पद्धत चालत नाही. कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा रेणू थोराड, तो अगारमध्ये नीट पसरतच नाही. त्यामुळे त्याचा डिस्कचा झोन जवळपास निरर्थक. औषध लावलेली पट्टी अगारवर ठेवून काढलेली एमआयसीही फसवते. २०१६ मध्ये सीएलएसआय आणि युकास्ट दोघांनीही द्रव माध्यमातली खड्ड्यांची पद्धत वापरा म्हणून सांगितलं. तरी डिस्कवर 'कोलिस्टिन सेन्सिटिव्ह' छापलेले रिपोर्ट माझ्यासमोर येतात. आयसीयूतला रोगी, शेवटचं औषध, आणि त्यावर हा भरवशाचा शिक्का! स्टॅफिलोकॉकस या जंतूवर व्हॅन्कोमायसिन तपासताना डिस्कचं तेच. तिथे एमआयसीच लागते.

उलटही होतं. प्लेटवर औषध काम करतं आणि माणसात करत नाही. साल्मोनेला या जंतूच्या काही संसर्गांत जेंटामायसिनचा झोन छान येतो, पण जंतू पेशींच्या आत दडून बसतो आणि औषध तिथे पोचत नाही. म्हणून चांगली लॅब तो निकाल छापतच नाही. रिपोर्टमध्ये एखादं औषध नसलं की लोक चिडतात, 'पैसे घेतले आणि तपासलं नाही.' कित्येकदा ते न छापणं हेच लॅबचं कौशल्य असतं. कधी जंतू चकवतो. स्टॅफिलोकॉकस क्लिंडामायसिनला सेन्सिटिव्ह दिसतो, पण शेजारी एरिथ्रोमायसिनची चकती ठेवली की त्या बाजूने झोन चपटा होतो, इंग्रजी डी अक्षरासारखा. म्हणजे प्रतिकाराची तयारी आत आहे, फक्त झोपलेली. दोन चकत्या ठरलेल्या अंतरावर ठेवल्या नाहीत तर हे कधीच दिसणार नाही.

आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली मेरिनो चाचणी, म्हणजे रोग्यांवर दोन औषधांची तुलना केलेला अभ्यास, आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी. सेफ्ट्रायॲक्सोनला रेझिस्टंट पण पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमला सेन्सिटिव्ह असे ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला रक्तात सापडलेले रोगी. त्यांतल्या काहींना पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिलं, काहींना मेरोपेनेम. तीस दिवसांत पहिल्या गटात १२.३ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ३.७. नंतर जतन केलेले जंतू संदर्भ पद्धतीने पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले काही मुळात सेन्सिटिव्ह नव्हतेच असं निघालं. म्हणजे औषधाचं अपयश किती आणि मापाचं किती, हा गुंता.

जनुकांच्या चाचण्यांबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. त्या तासा-दोन तासांत उत्तर देतात, त्यामुळे गंभीर रोग्यात फार कामाच्या. प्रतिकाराचं जनुक सापडलं तर ते गांभीर्याने घ्यायचं. नाही सापडलं तर एवढंच कळतं की ज्या चार-पाच जनुकांना शोधलं ती नाहीत. जंतूकडे इतर वाटा असतात. म्हणून प्लेट अजून गेलेली नाही.

तिसरा प्रश्न, रोग्याला लागू आहे का, इथे थोडं डॉक्टरांच्या अंगणात शिरते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन लघवीत रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठतं, त्यामुळे संसर्ग फक्त मूत्राशयात असेल तर काठावरचा जंतूही कधी कधी हटतो. आम्हा लोकांत एक ठोकताळा आहे: सेन्सिटिव्ह औषध दिलं की साधारण ९० टक्के रोगी सुधारतात, रेझिस्टंट दिलं तरी ६० टक्के सुधारतात, कारण शरीरही लढत असतं. तेव्हा पहिल्या रिपोर्टप्रमाणे गोळी घेऊन आईंना बरं वाटलं असेल, तर त्यावरून पहिली लॅब बरोबर ठरत नाही. तुम्ही लिहिलंय की नायट्रोफ्युरँटॉइन दोन्हीकडे सेन्सिटिव्ह आहे. चांगली गोष्ट आहे, पण ते औषध लघवीतच साठतं, रक्तात आणि किडनीच्या मांसात पुरेसं चढत नाही. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं असं काही असेल, किंवा किडनीचं काम मंद असेल, तर त्या 'सेन्सिटिव्ह'चा उपयोग नाही. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

थोडक्यात, वाद माप कुणाचं खरं याचा नाहीच, तक्ता कुठल्या सालचा याचा आहे. निदान आकडे तसं सांगतात.

आता करायचं काय. तिसऱ्या लॅबमध्ये तिसरा नमुना देऊ नका, त्याने तिसरं मत मिळेल, दोघांतला निवाडा होणार नाही. निवाडा हवा असेल तर तोच जंतू पुन्हा तपासायला हवा. बहुतेक लॅब वाढवलेला जंतू काही दिवस जपून ठेवतात, म्हणून आजच फोन करा आणि डॉक्टरांमार्फत तो फेरतपासणीला मागा. पहिल्या लॅबला दोनच गोष्टी विचारा, कुठल्या संस्थेचा तक्ता वापरता आणि कुठल्या सालचा. भांडायला जाऊ नका. विचारणारं कुणी नसतं म्हणूनच जुने तक्ते भिंतीवर राहतात. मीसुद्धा एके काळी सॉफ्टवेअरमध्ये जुन्या रेघा तशाच राहिल्याचं एका डॉक्टरच्या फोननंतर पाहिलंय. भिंतीवरचा तक्ता आम्ही बदलला होता, संगणकातला नाही.

आणि पहिल्या रिपोर्टच्या अगदी तळाशी, सहीच्या खाली, बारीक अक्षरांत 'सीएलएसआय' आणि पुढे साल छापलंय का बघा. ते २०१९ च्या आधीचं असेल तर तेवढा एकच आकडा इथे लिहा, बाकीचं परत विचारायची गरज पडणार नाही.